खाली संसार, वर भाडेकरू

पेढीवरच्या माणसाला कर्ज नवे नसते. नवे असते ते राहत्या घरावरचे कर्ज. तळमजल्यावर स्वतः राहावे, वरचा मजला भाड्याने द्यावा आणि त्या भाड्यातून हप्ता फिटावा, हा हिशेब कागदावर फार देखणा दिसतो.

घर 60 लाखांचे धरावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जात किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. म्हणजे 12 लाख पदरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्याहून वेगळी. ही रक्कम बहुधा दुकानाच्या भांडवलातूनच उचलली जाते आणि दिवाळीच्या मालखरेदीच्या तोंडावर तिची उणीव भासते.

48 लाखांवर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे 41,650 रुपये. भाडे 15,000 आले तरी उरलेले 26,650 दुकानानेच द्यायचे. मजला रिकामा राहिला त्या महिन्यात सगळेच.

कराचा भाग अधिक नाजूक. व्याज दोन्ही मजल्यांत विभागले जाते. नव्या करप्रणालीत राहत्या भागाच्या व्याजाला सवलत नाही. भाड्याच्या भागाचे व्याज वजा होते खरे, पण तेथे तोटा निघाल्यास तो धंद्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

भाडेकरू नात्यातला असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. तसा करार नसेल तर वादात अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडून काढण्याचा भार मालकावर.