गळ्यात आयकार्ड, पण मागे कोण?

युनियन म्हटलं की आपल्याला सीबीएसवर थांबलेल्या एसट्या आठवतात. एसीत बसणाऱ्या, गळ्यात आयकार्ड घालणाऱ्यांचा तिच्याशी काय संबंध, असंच ना?

ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजनं १,९०० जणांना घरी बसवायचं ठरवलं. त्यात बरीच पोरंपोरी प्रोबेशनवरची. युनिफॉर्मवरच मुंबईच्या रस्त्यावर उतरली आणि मदतीसाठी थेट राज ठाकरेंकडे गेली. जेटचं विमान मुंबईतून उडू देणार नाही, असा दम त्यांनी भरला. दुसऱ्याच रात्री नोकऱ्या परत! नाद खुळा. पण ही ताकद उसनी होती. साहेबांचा मूड नसता तर?

जेटच्या पायलटांनी २००९ मध्ये स्वतःची गिल्ड काढली. कंपनीनं दोघांना काढलं, तर सप्टेंबरात शेकडो पायलट एकदम 'आजारी' पडले. पाच दिवसांत तडजोड झाली. विमानतळावर अडकलेल्यांनी शिव्या घातल्या, त्याही खऱ्याच म्हणा. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन क्रूनं हेच केलं. २५ जण काढले गेले. पण युनियन होती, ती मुख्य कामगार आयुक्तांसमोर कंपनीशी बोलायला बसली आणि कंपनीनं कारवाई मागे घेतली.

अर्थात, युनियन म्हणजे जादू नव्हे. १७ एप्रिल २०१९ ला जेट बंद पडली ती पगार थकवूनच, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मोडीत काढायला सांगितली.

तुमच्या ऑफर लेटरमधली प्रोबेशनची ओळ कधी वाचलीय का हो?