वहीतली वेल जानमाझवर



घरातल्या शाळकरी मुलीची वही चाळून पाहा. गणिताच्या पानावर समासातून वेल चढलेली असते. शेवटच्या पानावर कैऱ्या, पाने, शंखासारखी वळणे असतात. ईदच्या आदल्या रात्री हीच मुलगी शेजारपाजारच्या हातांवर मेहंदी काढते तेव्हा तिचे कौतुक होते. तेच वहीत काढले की मात्र ‘रेघोट्या मारू नकोस’ म्हणून ती ओरडा खाते. हात तोच आणि रेघही तीच. घरात शिलाई मशीन असेल तर या रेघोट्यांतून घरातल्या सगळ्यांच्या रोज उपयोगी पडेल अशी जानमाझ तयार होऊ शकते. या महिन्यात आम्ही त्याचीच रीत सांगणार आहोत.

गोधडी आपल्याला नवी नाही. वर कापड, खाली कापड, मध्ये जुन्या सुती साडीचे पदर आणि तिन्हींना धरून ठेवणारा धावदोरा. जानमाझही तशीच करायची, फक्त धावदोऱ्याच्या जागी मशीनची नक्षी येते. ही नक्षी शोभेसाठी तर असतेच, पण तिन्ही थर ती एकमेकांना बांधून ठेवते, म्हणून धुतल्यावर आतला पदर गोळा होत नाही.

पहिली गोष्ट चित्राची. पेन्सिल कागदावरून उचलता येते, मशीनची सुई तशी उचलता येत नाही. प्रत्येक वेळी उचलायचे म्हणजे दोरा कापा, गाठ मारा, पुन्हा सुरू करा. म्हणून वहीतले चित्र एकाच अखंड रेघेत बसवावे लागते. पेन्सिल एका टोकाला टेकवा आणि न उचलता दुसऱ्या टोकापर्यंत जाता येते का ते पाहा. जिथे अडेल तिथे वाट काढा. पान असेल तर देठापासून मधल्या शिरेवरून टोकापर्यंत जा, मग एका कडेने खाली या, दुसऱ्या कडेने वर जा आणि पुन्हा शिरेवरून देठाशी परत या. शंखाचे वळण आत शिरते, पण बाहेर कसे येणार? आत जातानाच दोन रेघांमध्ये रुंद जागा सोडा आणि परतताना त्या जागेतून बाहेर या. मेहंदीतले सुटे ठिपके इथे चालत नाहीत. त्यांच्या जागी वेलीलाच छोटे फेरे द्या. एकाच रेघेवरून दोनदा गेले तर चालते, तिसऱ्यांदा गेले की दोरा जाड दिसतो.

चौकटींची नक्षी आवडत असेल तर एकेक चौकट शिवत बसू नका. एक नागमोडी रेघ पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. परत येताना तिच्या उलट दुसरी नागमोडी रेघ घाला. दोन्ही एकमेकींना छेदतील आणि बदामांची सरळ ओळ तयार होईल. रेघा कोनात वळवल्या तर शंकरपाळ्यांची ओळ होते.

दुसरी गोष्ट मापाची. मेहंदीत दोन रेघांमध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा असते. तितकी दाट शिलाई कापडावर केली तर जानमाझ पुठ्ठ्यासारखी ताठ होईल. रेघांमध्ये निदान 1 ते दीड सेंटिमीटर अंतर हवे. त्यासाठी चित्रावर 1 सेंटिमीटरच्या चौकोनांची जाळी आखा, मोठ्या कागदावर 5 सेंटिमीटरची आखा आणि एकेक चौकोन पाहून उतरवा. झेरॉक्सच्या दुकानातही चित्र मोठे करून मिळते. मोठे झालेले चित्र पेन्सिलीने दहा वेळा गिरवा. पुढे कुठे वळायचे हे हाताला आधीच ठाऊक असेल तर मशीनवर तो अडखळत नाही.

चित्र कापडावर उतरवण्याची रीत जरीकाम करणारे आपले कारागीर पिढ्यान् पिढ्या वापरत आले आहेत. तिला खाका म्हणतात. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढा, मशीनमध्ये दोरा न ओवता त्या रेघांवरून नुसती सुई चालवा. कागदाला बारीक भोके पडतील. तो कागद कापडावर टाचण्यांनी पक्का करा आणि मलमलच्या पुरचुंडीत खडूची पूड घेऊन वरून फिरवा. ठिपक्यांची रेघ कापडावर उमटते आणि काम झाल्यावर झटकली की जाते. एक खाका पुन्हा पुन्हा वापरता येतो.

आता शिलाई. तिन्ही कापडे आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटतील. तयार जानमाझ साधारण 70 बाय 110 सेंटिमीटर हवी असेल तर प्रत्येक बाजूने 4-5 सेंटिमीटर कापड जास्त घ्या, कारण शिलाईने ते आत ओढले जाते. तिन्ही थर सपाट पसरून वीत-वीत अंतरावर कच्चा धावदोरा घाला. सुईखालचे दात कापडाला पुढे ढकलतात. इथे कापड आपल्या हातांनी फिरवायचे असते, म्हणून दात खाली घ्या. जुन्या मशीनवर ते खाली जात नसतील तर टाक्याची लांबी शून्यावर ठेवा किंवा दुरुस्तीवाल्याकडून दात झाकणारी पत्री बसवून घ्या. भरतकामाचा पाय लावा आणि दांडी खाली केल्याशिवाय सुरू करू नका. दांडी वर राहिली तर खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. जाड थरांना 16 नंबरची सुई लागते. मध्यापासून कडेकडे शिवत जा. हात घाईत आणि पाय संथ असेल तर टाके लांब पडतात, उलट झाले तर टाके बारीक होऊन एकमेकांवर चढतात. टाकाऊ कापडाच्या तीन थरांवर दोन-तीन दुपारी सराव केला की हातापायांचा मेळ बसतो. बोटे सुईपासून लांब ठेवा आणि लहान मुलांना जवळ बसवू नका.

वस्तू नमाजची आहे, तेव्हा नक्षी कुठे आणि किती, याचाही विचार हवा. बुखारी शरीफमध्ये हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आहे. रसूलुल्लाह (स.) यांनी नक्षीची चादर पांघरून नमाज अदा केली आणि त्यांची नजर त्या नक्षीकडे गेली. नमाज झाल्यावर त्यांनी ती चादर अबू जहम यांच्याकडे पाठवून दिली आणि त्यांची साधी चादर मागवून घेतली. नमाजमध्ये लक्ष वेधून घेणारी वस्तू समोर नको, हा त्यातला धडा आहे. म्हणून दोरा कापडाच्याच रंगाचा घ्या. नक्षी मग रंगाने ओरडत नाही, उजेड तिरका पडला तरच उठून दिसते. वेल काठाला ठेवा. वरच्या भागात मेहराबची कमान घाला, ती तशीही एकाच रेघेत होते. सजद्याची जागा मोकळी ठेवा. तिथे लांब अंतराच्या सरळ रेघा पुरेत, कपाळाला टोचेल अशी गाठ तिथे येऊ देऊ नका. पक्षी-प्राण्यांची चित्रे घेऊ नका. अल्लाहचे नाव किंवा आयतही घालू नका, जानमाझवर पाय पडतो.

मुलीला इथे एक अवघड गोष्ट शिकायला मिळते. तिला येते ते सगळे दाखवायचे नसते. वहीतल्या वीस वळणांतून दोन निवडायची आणि बाकीची ठेवून द्यायची. मेहंदीत हात भरून टाकणाऱ्या मुलीला हे सहज जमत नाही. चित्र तिचे आहे, तेव्हा काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे तिलाच ठरवू द्या. मोठ्यांनी फोनवरचा तयार नमुना पुढे करू नये. तो सुबक असेल, पण तो तिच्या हाताचा नसेल.

या कामाला खर्च फार नाही. जुनी चादर, जुनी साडी, दोऱ्याची दोन रिळे आणि आठवडाभराच्या दुपारी पुरतात. रमजानला अजून अवकाश आहे. पहिल्या तरावीहपर्यंत दादीसाठी एक जानमाझ इन्शाअल्लाह सहज तयार होईल. वही मात्र रद्दीत देऊ नका, पुढचा खाका त्यातूनच निघायचा आहे.