शकुंतलेचा मालक कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे

धामणगाव रेल्वे. गावाच्या नावातच रेल्वे आहे. मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरच्या या स्थानकावर यवतमाळचा माणूस आजही मुंबईची गाडी धरायला येतो. यवतमाळला रेल्वे नव्हती असे मात्र नाही. तेथून मूर्तिजापूरला शकुंतला जात असे. हा थ्रेड तिच्याविषयी आहे, आणि दर काही महिन्यांनी फिरणाऱ्या एका पोस्टविषयीही.

ती पोस्ट आपण सर्वांनी वाचली आहे. ‘भारतातील ही रेल्वे आजही ब्रिटिशांच्या मालकीची!’ खाली संतापाचा पूर.

वस्तुस्थिती अशी. किलिक, निक्सन आणि कंपनी ही मुंबईतील इंग्रज पेढी. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तिने अडीच फुटी मार्ग टाकले: यवतमाळ–मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर–अचलपूर ७६. धामणगावहून वर्धा नदी ओलांडली की येणाऱ्या पुलगावहून आर्वीला जाणारा ३५ किलोमीटरचा मार्गही याच कुटुंबातला. हे मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या नावावर होते आणि राष्ट्रीयीकरणातून सुटले, हे खरे. पण स्वातंत्र्यानंतर किलिक समूहच भारतीय मालकांकडे गेला. ज्या साहेबावर आपण संतापतो, तो केव्हाच निघून गेला आहे.

या खोट्या संतापाने एक मोठे नुकसान केले. मालकाची चर्चा झाली, रुळांची झालीच नाही. लाकडी स्लीपर कुजतो, खिळा सैल होतो, दोन रुळांतील अंतर वाढते, खडी मातीत बुजते. मग गाडीचा वेग उतरवत नेतात आणि एके दिवशी गाडी बंद होते. १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडलेले शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, याचे कौतुक सगळे करतात. ते ज्यावरून धावले ते पहार घेऊन ठाकठीक ठेवणाऱ्या गँगमनचे छायाचित्र कुणाकडे आहे?

आता वेल्समधील टॅलिलिन रेल्वे पाहा. पाटीच्या दगडाची वाहतूक करणारी, सव्वादोन फुटी, सुमारे साडेअकरा किलोमीटरची. तीही खासगी, तीही १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून सुटलेली. खाण बंद पडली होती, आणि रूळ जागेवर राहिले होते ते बहुधा गवताच्या मुळांमुळेच. ऑक्टोबर १९५० मध्ये एल. टी. सी. रोल्ट आणि त्यांच्या मित्रांनी बर्मिंगहॅममध्ये सभा भरवली. मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी चालवली. जगात असे प्रथमच घडत होते. सुट्टीच्या दिवशी कारकून, शिक्षक, विद्यार्थी स्लीपर बदलत, खडी ठासत. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेचे रूळ त्यांनी विकत घेतले, कारण तिचेही गेज तेच होते. ती गाडी आजही धावते.

पुलगाव–आर्वीचे आणि शकुंतलेचे गेजही एकच आहे. शिल्लक असलेले रूळ भंगारात काढण्यापूर्वी एवढा तरी विचार व्हावा.

आक्षेप ठाऊक आहेत. वऱ्हाडला ब्रॉडगेज हवे. निश्चित हवे, शेतकऱ्याने आणि रुग्णाने संग्रहालयातून प्रवास करावा असे कोणीही म्हणत नाही. पण १८९ किलोमीटरांपैकी दहा-पंधरा जुन्या रूपात राखल्याने ब्रॉडगेज अडत नाही. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. टॅलिलिनवरही पगारी कर्मचारी होते आणि सरकारी निरीक्षकांची नजर होती. हौशी हातांना मोकळे रान नव्हते. आपल्याकडे तर निवृत्त गँगमन आणि मुकादम गावोगावी आहेत. शिकवणारे तेच.

आणि पैसे नाहीत हे तर सांगूच नये. २०१९ च्या पावसात वाहून गेलेला नेरळ–माथेरान मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालाच. तिथे पर्यटक होते. इथे कापूसवाले होते.

म्हणून मागणी एवढीच: अचलपूर ते पथ्रोट हा तुकडा जुन्या गेजमध्ये ठेवावा आणि रेल्वेच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांना तिथे काम करू द्यावे. ती पोस्ट पुन्हा दिसेल तेव्हा खाली संतापाऐवजी हे लिहा.