बर्फावरचे कपडे, घरातील बादली

गुलमर्ग, औली किंवा सोलंग खोऱ्यातून परतलेल्या कुटुंबाच्या बॅगेत अगदी तळाशी स्कीचे जाकीट आणि विजार कोंबलेली असते. कॉलरवर सनस्क्रीनचा तेलकटपणा, कोपराला रोपवेचे वंगण, मांडीवर कहाव्याचा ओघळ आणि घरून नेलेल्या थेपल्या-लोणच्याची खूण म्हणून छातीवर हळदीचा डाग. घरी येताच हे सारे गरम पाण्यात भिजते, त्यावर साबणवडी घासली जाते आणि शेवटी सुगंधी कंडिशनरही पडतो. पुढच्या हिवाळ्यात तेच जाकीट बर्फात ओले होते, मूल कुडकुडते आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो. माल बहुधा वाईट नसतो. धुणे चुकलेले असते.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कापड चिमटीत धरून पारखले गेले, तिथेही हे वस्त्र नवखेच. वर नायलॉन किंवा पॉलिस्टर, त्यावर पाणी न धरणारा लेप. त्याखाली एक अतिपातळ पटल. आत उबेसाठी भरण. पटलाची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान, पण घामाच्या वाफेला पुरेशी मोठी असतात. १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन झटक्यासरशी ताणून असे सच्छिद्र पटल मिळवले. गोर-टेक्स त्यातूनच आले. मळ, पावडरीचा अंश आणि कंडिशनरचा स्निग्ध थर साचला की वरचे कापड पाणी पिऊ लागते आणि वाफेची वाट अडते. म्हणून कंडिशनर आणि ब्लीच पूर्णतः वर्ज्य. साबणवडीचे वेष्टनही वाचावे. ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे प्राण्यांच्या चरबीपासून केलेला साबण.

वाचण्याची तीच सवय जाकिटाच्या आतल्या पट्टीपर्यंत न्यावी. ‘डाऊन’ लिहिले असेल तर ती ऊब बदकांच्या किंवा हंसजातीच्या पक्ष्यांच्या पिसांची आहे. पॉलिस्टर भरणाची जाकिटे सर्रास मिळतात आणि ओली झाली तरी पिसांपेक्षा ऊब अधिक टिकवतात. हातमोज्यांच्या तळव्याला पुष्कळदा चामडे असते, भाड्याने घेतानाही पाहावे.

आता डाग. तेलकट डागावर आधी कॉर्नफ्लोअर भुरभुरून तासाभराने झटकावे, मग भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब बोटाने हलकेच चोळावा. स्कीच्या मेणाचा थेंब बर्फाच्या खड्याने कडक करून बोथट चमच्याने खरवडावा. रक्ताला थंडच पाणी. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने घाबरू नये. हळद क्षारात रंग बदलतेच. धुतल्यावर तो भाग थोडा वेळ उन्हात धरला की रंग विरतो. सबंध जाकीट मात्र सावलीतच वाळवावे, कारण प्रखर ऊन नायलॉनला मानवत नाही.

धुण्यापूर्वी खिसे रिकामे करून साऱ्या चेन लावाव्यात. बादलीत ३० अंशांच्या आसपासचे कोमट, गाळलेले पाणी आणि थोडासा सौम्य द्रव साबण पुरतो. यंत्रात घालायचेच असेल तर यंत्राची सूचना आधी पाहावी. पाणी न सोडणारे कापड वेगाने फिरताना आत पाणी अडवते आणि यंत्र जोरात हादरते. मुख्य काम विसळण्याचे. फेस दिसेनासा झाल्यावरही आणखी एकदा विसळावे. पिळू नये, जाड टॉवेलात गुंडाळून दाबावे. सकाळी धुतलेले दिवसभरात बरेचसे निथळते. रात्री भिजत ठेवण्याचा मोह टाळावा. ओलसर भरणात बुरशी धरली तर वासाचा प्रश्न उरतोच, शिवाय अनंतकाय जीवांची हिंसा घडते, ती वेगळी.

पूर्ण वाळल्यावर खांद्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहावेत. मोत्यासारखे घरंगळले तर लेप शाबूत आहे. पसरले तर, आतली पट्टी अनुमती देत असल्यास, वर सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवावी. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही पसरले तर बाजारात मिळणारा नवा लेप फवारावा. फ्लोरिनविरहित नवे लेप पर्यावरणाला बरे, पण तेलाला तितके दाद देत नाहीत. असे जाकीट अधिक वेळा धुवावे लागते.

शेवटी ते हँगरवर सैल टांगावे. हवा काढलेल्या पिशवीत वर्षभर दडपलेले भरण पुन्हा तितके फुलत नाही, आणि पुढच्या डिसेंबरात तेच जाकीट धाकट्या भावंडाच्या अंगावर चढायचे असते.