पन्नास फूट जागा आणायची कुठून?
वीजगाडीची बॅटरी सदोष निघाली की कंपनी ती बदलून देते, पण नवी येईपर्यंत गाडी लावायची कुठे? २०२१मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले बोल्ट ही आपली वीजगाडी सरसकट परत बोलावली. सेलमधल्या ॲनोडची पट्टी फाटलेली आणि दोन ध्रुवांमधला पातळ पडदा दुमडलेला, असे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये आले की आग लागण्याचा धोका होता. मालकांना सूचना गेल्या: रात्रभर घरात चार्जिंग नको, गाडी उघड्यावर लावा, दुसऱ्या गाडीपासून पन्नास फूट लांब ठेवा. ट्रॉम्बेच्या सोसायटीत हे पाळायचं कसं? रिफायनऱ्यांच्या शेजारात राहणाऱ्यांना सुरक्षित अंतराचं मोल समजावून सांगावं लागत नाही. पण इथे गाड्या इमारतीच्या पोटातच, खांबांमध्ये आरशाला आरसा लावून उभ्या असतात आणि वर पहिल्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात. ही भीती फक्त परदेशातली नाही. ह्युंदाईने २०२०च्या अखेरीस भारतातल्या ४५६ कोना वीजगाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. जून २०२२मध्ये वसईत नेक्सॉन ईव्ही ही वीजगाडी पेटली. एप्रिल २०२१पासून आपल्याकडे गाड्या सक्तीने परत बोलावण्याचा (रिकॉलचा) नियम आहे, पण तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता. बॅटरीची हमी मात्र सर्रास आठ वर्षांची असते. ते आठवं वर्षही नियमात यायलाच हवं. आणि प्रत्येक सोसायटीने परत बोलावलेल्या अशा गाडीसाठी फाटकालगतची, वर कुणाचं घर नसलेली एक जागा आजच ठरवून ठेवावी.