संपर्क : निवडणुकीपुरता की निरंतर?

निवडणुकीचे पडघम वाजू लागले की मतदाराला अचानक नातेवाईक वाढल्याचा प्रत्यय येतो. एरवी ज्यांचे दर्शन दुर्लभ, ते उमेदवार गल्लीबोळांतून हात जोडून फिरू लागतात. भ्रमणध्वनीवरून ध्वनिमुद्रित आवाज आपल्याला नावाने हाक मारतो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही न चुकता पोहोचतात. मतदारांच्या याद्या संगणकात आल्यापासून हे सारे सोपे झाले आहे. मात्र पत्ता माहीत असणे आणि परिचय असणे यांत अंतर आहे, याचा विसर सर्वच राजकीय पक्षांना पडू लागला आहे. अशा वेळी व्यक्तिगत संपर्क म्हणजे नेमके काय, आणि त्यातून जनाधार कसा उभा राहतो, याचा विचार एखाद्या प्रत्यक्ष उदाहरणावरून करणे उपयुक्त ठरेल.

असे उदाहरण उत्तर मुंबईत राम नाईक यांच्या रूपाने उपलब्ध आहे. सांगली जिल्ह्यातील आटपाडीसारख्या दुष्काळी भागात वाढलेला हा तरुण नोकरीसाठी मुंबईत आला, महालेखापालांच्या कार्यालयात कारकून म्हणून लागला आणि गोरेगावात स्थिरावला. रोज लोकलने जाणाऱ्या चाकरमान्यांचे हाल तो स्वतःच अनुभवत होता. १९६४ साली त्यांच्या पुढाकाराने गोरेगाव प्रवासी संघ स्थापन झाला. निवडणूक त्या वेळी कोसभर दूर होती. १९६९ साली नोकरी सोडून ते जनसंघाचे पूर्णवेळ काम करू लागले आणि १९७८ साली बोरिवलीतून प्रथम आमदार झाले. म्हणजे फलाटावरील परिचय आणि विधानसभा यांत चौदा वर्षांचे अंतर होते. पुढे ते तीन वेळा आमदार आणि १९८९ ते २००४ या काळात सलग पाच वेळा खासदार झाले.

या यशाचे रहस्य कोणते? त्या काळी गोरेगाव-मालाडपासून वसई-विरारपर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात प्रत्येक मतदाराला भेटणे कोणालाही शक्य नव्हते. साधे गणित मांडून पाहावे. आज उत्तर मुंबईत सुमारे १८ लाख मतदार आहेत. खासदाराने एकही सुट्टी न घेता रोज १०० नव्या माणसांची भेट घेतली, तरी पाच वर्षांत १,८२,५०० माणसे होतात. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. तेव्हा व्यक्तिगत संपर्क हा भेटींच्या संख्येचा प्रश्न नाही. ज्याला भेटलो, त्याच्या कामाचे पुढे काय झाले, हे त्याला कळते की नाही, हा खरा प्रश्न आहे. ज्याला उत्तर मिळते, तो ते आणखी दहा जणांना सांगतो. ज्याला मिळत नाही, तो शंभरांना सांगतो.

नाईक यांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली होती. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून तो मतदारांपुढे ठेवण्याची प्रथा त्यांनी लोकप्रतिनिधी असताना पाळली आणि पुढे उत्तर प्रदेशाचे राज्यपाल झाल्यावरही सोडली नाही. राज्यपालाला कोणाची मते मागायची नसतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कोणते प्रश्न विचारले, कोणत्या मागणीचा पाठपुरावा केला, त्याचे फलित काय, याचा हिशेब देणारा प्रतिनिधी मतदाराला याचक समजत नाही, मालक समजतो. बोरिवली-विरार मार्गाचे चौपदरीकरण, विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल, तारापूर अणुऊर्जा प्रकल्पामुळे विस्थापित झालेल्या गावकऱ्यांचे पुनर्वसन ही कामे वर्षानुवर्षे चिकाटी मागणारी होती. डहाणूची लोकल तर २०१३ साली धावली. तेव्हा ते खासदारही नव्हते.

परंतु चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००४ साली हाच लोकप्रतिनिधी, पेट्रोलियम मंत्री असताना, चित्रपट अभिनेते गोविंदा यांच्याकडून सुमारे ४८ हजार मतांनी पराभूत झाला. पडद्यावरील चेहऱ्याने चार दशकांच्या सेवेवर मात केली, असा उद्वेग तेव्हा कार्यकर्त्यांत व्यक्त झाला. हा उद्वेग स्वाभाविक असला, तरी पराभवाची ती संपूर्ण मीमांसा नव्हे. गोविंदा हे विरारचेच. लोकलने धक्के खात मोठा झालेला आपल्यातला मुलगा, अशी त्यांची प्रतिमा घराघरांत होती. म्हणजे मतदाराने आपुलकीलाच मत दिले. फक्त ती आपुलकी एकतर्फी आहे, हे त्याला उमगण्यास पाच वर्षे लागली. २००९ साली गोविंदा पुन्हा उमेदवार म्हणून उभे राहिले नाहीत.

मनुष्यस्वभावाचा आणखी एक धागा येथे गुंतलेला आहे. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी मिळण्यासाठी कुटुंबे वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठत असत. नाईक यांच्या मंत्रिपदाच्या काळात ती यादी निकाली निघाली. पण प्रतीक्षा संपली की प्रतीक्षेची आठवणही संपते. सिलिंडर दारात येऊ लागला की तो हक्काचा होतो, आणि तसेच व्हायला हवे. केलेल्या कामाच्या कृतज्ञतेवर मते मागणारा उमेदवार म्हणूनच नेहमी फसतो. २००९ साली नाईक यांचा पुन्हा पराभव झाला, तो सहा हजारांहूनही कमी मतांनी. आणि त्या निवडणुकीत मनसेच्या उमेदवाराने लाखाहून अधिक मते घेतली होती. याचा अर्थ संपर्काने सारे साधते असे नाही. मतविभागणी, लाट, पक्षाची हवा या गोष्टी व्यक्तीच्या हाताबाहेर असतात. २०१९ साली याच मतदारसंघात नगरसेवकपदापासून वर आलेल्या गोपाळ शेट्टी यांनी अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर यांचा साडेचार लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. त्याचे श्रेय केवळ संपर्काला देणे हेही तितकेच एकांगी ठरेल.

हा गुण कोणा एका विचारसरणीची मिरासदारी नाही, हेही मोकळेपणाने मान्य करावे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेत गेले. एसटीने प्रवास करणारा हा आमदार १९७२ आणि १९९५ असे दोनदाच हरला. त्यातही १९९५चा पराभव अवघ्या १९२ मतांचा होता. दोन्ही वेळा लोकांनी त्यांना परत बोलावले. पक्षाची राज्यभर पीछेहाट होत असताना एक तालुका एका माणसापाठी अर्धशतक उभा राहतो, तो भाषणांमुळे नव्हे.

मग आज अडते कोठे? १९९३ साली खासदार निधीची योजना आली. त्या मागणीचा पाठपुरावा करणाऱ्यांत राम नाईक अग्रभागी होते. त्या वर्षी पाच लाखांपासून सुरू झालेला हा निधी २०११-१२ पासून वार्षिक पाच कोटींवर गेला. त्यातून असंख्य गरजेची कामे झाली, हे खरे. तथापि बाके, बसथांबे, प्रवेशद्वारे यांवर नाव कोरले की संपर्क झाला, अशी सोयीची समजूतही त्यातूनच रूढ झाली. नामफलक मतदाराला नाव सांगतो. मतदाराचे म्हणणे ऐकून घेण्याची सोय त्यात नसते. भ्रमणध्वनीवरील संदेशांचेही तेच आहे. ते एकाच दिशेने जातात.

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे? मतदारयादीचे एकेक पान सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याने त्या पानावरील कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे शिधापत्रिकेचे काम अडले आहे, हे मतदानाच्या आधी दोन वर्षे जाणून घ्यावे. निवेदन घेतले तर काम झाले किंवा झाले नाही, हे स्वतः जाऊन सांगावे. ‘झाले नाही’ हे सांगायला तर अवश्य जावे. वर्षातून एकदा कामाचा हिशेब लेखी द्यावा. आणि पराभव पदरी आला तर दुसऱ्या दिवशी कार्यालयाचे दार नेहमीच्या वेळी उघडावे. संपर्क मतांसाठी होता की माणसांसाठी, याची परीक्षा मतदार त्याच दिवशी घेत असतो.