ढोलाला भोक

गेल्या जानेवारीत दिल्ली छावणीतल्या आमच्या मेसच्या हिरवळीवर एक कार्यक्रम होता. त्याच्या आठ दिवस आधी जॅझ बँडचा ड्रमर, कोल्हापूरकडचा एक नायक, माझ्या ऑफिसात आला. सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, बास ड्रमच्या पुढच्या पानाला भोक पाडायची परवानगी पाहिजे."

मी आधी हसलो. मग लक्षात आलं की तो गंभीर आहे आणि फाईलवर सही मलाच करायची आहे.

ज्यांनी फक्त परेडचा बँड ऐकलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. परेडवरचा मोठा ढोल दोन्ही बाजूंनी वाजतो. वादक दोन हातांत दोन गदेसारखे टोले घेऊन डाव्या-उजव्या पानांवर मारतो. त्याला भोक पाडायचा प्रश्नच येत नाही. खडकवासल्याला तीन वर्षं मी त्या ढोलावर डावा पाय टाकला आहे. मिनिटाला १२० पावलं. सगळं विसरलो तरी तो टोला पायात अजून आहे. २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीट ऐकणाऱ्यांनाही हाच आवाज आधी पोटात जाणवतो, कानात नंतर.

जॅझ बँडमधला बास ड्रम मात्र वेगळा. तो जमिनीवर आडवा बसतो आणि पायाच्या पेडलने एकाच बाजूने वाजतो. समोरचं पान कुणी वाजवत नाही. ते फक्त थरथरतं. टोला पडला की आतली हवा दाबली जाते, पुढच्या पानाला ढकलते आणि ते पान तिला परत ढकलतं. म्हणून आवाज गोल आणि लांबणारा येतो, आणि म्हणूनच पेडल उसळीही मारतं. भोक पाडलं की हवा बाहेर निघून जाते. उसळी कमी होते, टोल्याची धार वाढते, आणि मुख्य म्हणजे भोकातून मायक आत ठेवता येतो. जातो तो घुमारा. भोक फार मोठं केलं तर पान नसल्यासारखंच.

आमच्याकडे पुण्याच्या ढोल-ताशा पथकात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. टिपरूच्या बाजूचं पान आणि थापीच्या बाजूचं पान एकमेकांशी बोलतात. एक ढिलं पडलं की दुसऱ्याचाही सूर जातो.

पण अडचण शास्त्राची नव्हतीच. त्या पानावर युनिटचं चिन्ह होतं, एका सुभेदारांनी हाताने रंगवलेलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वर्धापन दिनाला येतात तेव्हा आधी बँडच्या खोलीत जातात, मग चहा घेतात. त्यांच्या चित्राला मी गोल सुरी लावू द्यायची?

"भोक बाजूला करतो साहेब, चिन्हाला धक्का नाही," नायक म्हणाला. भोक मध्यावर नाही, कडेलाच करायचं असतं, चार इंच पुरतं, हे खरंच. तरी मी म्हणालो, "अरे, मायक बाहेर ठेव ना."

त्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी हिरवळीवर मायक बाहेर लावला, वाजवून दाखवला आणि मला तीस पावलांवर नेऊन उभं केलं. गिटारच्या मागून नुसती धूसर धुम येत होती, ताल कुठे पडतोय ते कळेना. दिल्लीच्या धुक्यात समोरची गाडी असते तशी. त्याचं खरं होतं.

तरीही माझं मत ठाम आहे, आणि इथे मतभेद असणाऱ्या जुन्या बँडवाल्यांनी जरूर लिहावं: आपल्याकडे हा कापाकापीचा निर्णय फार घाईने घेतला जातो. लहान हॉलमध्ये, मायकशिवाय वाजवणाऱ्याने भोक पाडूच नये. व्हिडिओत कुणाच्या ड्रमला दिसलं म्हणून आपणही पाडायचं, याला अर्थ नाही. आधी ताण बदलून बघा, आत एक छोटी उशी ठेवून बघा. कापलेलं पान परत शिवता येत नाही. पण मोकळ्या मैदानात, स्पीकर लावून वाजवायचं असेल तर भोक हवंच, आणि तिथे परंपरेचं नाव पुढे करणं म्हणजे वाजवणाऱ्याचे हात बांधणं. बातमी अशी की मी सुरुवातीला नेमकं तेच करत होतो. सही माझी असली तरी कान त्याचे होते.

शेवटी नवं प्लास्टिकचं साधं पान मागवलं. नायकाने त्यावर डब्याच्या झाकणाने गोल आखला, कापला, कडेला मजबुतीची रिंग चिकटवली. सुभेदारांचं पान कापडात गुंडाळून ठेवलं. मेसच्या आतल्या कार्यक्रमांना तेच चढतं, मायकशिवाय. पान बदलायला अर्धा तास लागतो आणि त्याबद्दल नायक दर वेळी कुरकुरतो.

वर्धापन दिनाला सुभेदार आले. भोकाचं पान दिसताच थांबले, आत बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "माझं कुठाय?" नायकाने कापड उलगडून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, चिन्हातला पिवळा फिका झालाय, रंग आणा.

कापलेली चार इंची चकती माझ्या टेबलावर आहे. त्यावर चहाचा ग्लास बरोबर बसतो.